लोकर नको, सूत घे

दुकानात गेलीस की लोकरीच्या कपाटाकडे बघूसुद्धा नकोस. तो गुबगुबीत गुलाबी गुंडा हातात आला की गालाला लावून बघावासा वाटतो, आणि नवशिक्या मुली तिथेच अडकतात. विणायचं म्हणजे लोकर, ही समजूत घाटावरची. तिकडे थंडी पडते. आपण रेवदंड्याची माणसं. एका अंगाला कुंडलिकेची खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या, मधे नारळ-पोफळीच्या वाड्या. पौषातसुद्धा भर दुपारी पाठ ओली होते. इथे विणलेला स्वेटर ट्रंकेत जातो आणि बाहेर निघतो तो कसर लागूनच. म्हणून माझा पहिला कानमंत्र तोच, जो मला आत्याने दिला आणि तिला तिच्या सासूने: दर्याकाठच्या बाईने सुतावर शिकावं.

तू म्हणशील, आजी, सूत ताणत नाही, त्यात चूक लगेच दिसते. अगं, म्हणूनच तर. लोकर वेडावाकडा टाका फुगून झाकून घेते. सूत काही झाकत नाही. एक टाका घट्ट आला की शेजारचा सैल दिसतो आणि आपला हात कुठे आवळतोय ते चार ओळींत कळतं. सुतावर हात बसला की लोकर कधीही विणता येते. उलटं सहसा होत नाही.

शिवाय दुकानदार जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा लोकर नसतेच, ॲक्रिलिक असतं. खात्री करायची तर वीतभर धागा चिमट्यात धरून मोरीत उभी राहा आणि काडी लाव. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळतं, टोकाला कडक मणी धरतो. सूत कागदाचा वास देत जळतं, मागे मऊ करडी राख उरते. ॲक्रिलिकला मी नावं ठेवत नाही. धुवायला सोपं, कसरीची भीती नाही. पण ते घाम टिपत नाही आणि गरम इस्त्री फिरली की लुळं पडतं, मग पुन्हा उठत नाही. घेताना आणखी एक बघ. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो. सगळे गुंडे एकाच लॉटचे घे, लागतील त्याहून एक जास्तच घे. दुकानदार शपथेवर सांगेल रंग सारखाच आहे म्हणून. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली असतोही. अंगणात उन्हात धरलास की पाठ वेगळी आणि बाही वेगळी.

आता हात. आत्या म्हणायची, टाका सुईवर नाचला पाहिजे. सुईवरचे टाके बोटाने ढकलले तर ते सहज सरकावेत. ओढून न्यावे लागले तर हात आवळलेला आहे असं समज. दोरा करंगळीला एक वेढा देऊन, मधल्या दोन बोटांखालून पहिल्या बोटावर आण. ओढ करंगळीने धरायची, पहिल्या बोटाने नुसता दोरा पुरवायचा. खांदे वर चढले असतील तर खाली सोड. टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण लागलं की बायकांचा हात घट्ट होतो; विणलेल्या कापडावरून कुठल्या ओळीला भांडण चालू होतं ते मी सांगू शकते. काही जणींचा हात जन्माचाच घट्ट. त्यांनी स्वतःशी झगडू नये, एक नंबर जाड सुई घ्यावी. माप बरोबर येतं आणि मनस्ताप वाचतो.

सुयांचे आकडे मात्र उलटे चालतात, ते पाठ कर. आपल्याकडे अजून जुनी इंग्रजी मापं आहेत. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ नंबर पावणेतीनच्या आसपास आणि १४ नंबर २ मिलिमीटर. आकडा मोठा तितकी सुई बारीक. तुम्ही मुली मोबाइलवर परदेशी नमुने बघता, तिथे नुसता ‘८ नंबर’ लिहिलेला दिसला तर नमुना अमेरिकन आहे का ते आधी बघ; त्यांचा ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आणि त्यांचे आकडे सरळ चढतात. मिलिमीटर बघून घेतलंस तर गोंधळ होत नाही. क्रोशाच्या दोऱ्यालाही आपलाच उलटा नियम: १० नंबरपेक्षा २० बारीक, ४० त्याहून बारीक. पहिल्या कामाला चार पदरी सूत आणि ८ नंबरच्या सुया घे. रंग फिकट, पण पांढरा नको. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि पांढऱ्यावर हाताचा मळ दिसतो.

नमुना विणल्याशिवाय कामाचे टाके घालायचे नाहीत. इथे सगळ्या जणी कंटाळा करतात. पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विण, धू, सावलीत आडवा वाळव, आणि मग मधल्या दहा सेंटिमीटरमधले टाके मोज. कडेचे मोजू नकोस, कड नेहमी फसवते. सूत पहिल्या धुण्यात आटतं आणि ते उंचीत जास्त आटतं, म्हणून न धुतलेल्या नमुन्याला अर्थ नाही. समज दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले आणि तुला ३३ सेंटिमीटर रुंदी हवी, तर ७२ किंवा ७३ टाके. काठाला एक सुलट, एक उलट घालायचं असेल तर ७२ घे, जोडीत बसतात. सुताचा काठ लोकरीसारखा परत आवळत नाही, सैल पडून लोंबतो. तेवढ्या काठापुरत्या दोन नंबर बारीक सुया वापर.

दोरा संपत आला असेल आणि ओळ पुरी होईल का अशी शंका असेल तर उरलेला दोरा कापडावर आडवा धर. रुंदीच्या साडेतीन-चार पट असेल तर ओळ होते. कमी असेल तर कडेलाच नवा दोरा लाव. मधोमध गाठ मारायची नाही. गाठ आज मागे असते, दोन धुण्यांनी पुढे येते. वीतभर शेपूट सोड आणि शेवटी बोथट सुईने ती टाक्यांच्या पोटातून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून जिरव.

या गाठीवरून जाळ्याची गोष्ट निघते, आणि ती मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण मला विणकामातलं खरं शहाणपण तिथे दिसलं. सुई-दोरा म्हणजे बायकांचं काम, असं जो कोणी म्हणेल त्याला जून-जुलैत थेरोंड्याच्या कोळीवाड्यात नेऊन बसवावं. मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, आणि पडवी-पडवीत पुरुष मांडीवर जाळं घेऊन बसलेले असतात. हातात लाकडाची नाहीतर प्लास्टिकची चपटी सुई, तिच्यावर दोरा गुंडाळलेला. पूर्वी अख्खं जाळं घरीच विणायचे, सुताचं आणि सणाचं. ते खाऱ्या पाण्यात कुजायचं, म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून रंगवायचे आणि दर खेपेला वाळवायचे. मग नायलॉन आलं, यंत्रावरची जाळी आली, आणि घरी उरली ती दुरुस्ती. पण दुरुस्तीत सगळी विद्या शाबूत आहे.

जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात. कुठला मासा अडकायचा आणि कुठला सुटायचा ते आसावर ठरतं. सरकारही आसच मोजतं: २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले तेव्हा आस २५ मिलिमीटरपेक्षा लहान नको, अशी अट घातली होती, पिल्लं सुटावीत म्हणून. आता हजारो आस सारखे यायचे तर माणूस डोळ्याने किती मोजणार? तो मोजतच नाही. हातात एक पट्टी असते, दोरा पट्टीवरून घ्यायचा आणि गाठ मारायची. पट्टी बदलत नाही, म्हणून आस बदलत नाही. बोलत बोलत, चहा पीत, समोरून कोण चाललंय ते बघत हात चालू असतात.

हे तुझ्या क्रोशाला लाव. क्रोशाच्या सुईला टोकाला आकडा, त्याच्यामागे बारीक मान आणि मग जाड दांडा. नवशिक्या मुली टाका मानेवरच ओढून घेतात. तो आवळतो, पुढच्या खेपेला सुई आत शिरत नाही, मग चिडचिड. टाका दांड्यापर्यंत नेऊन मगच पुढचा वेढा घ्यायचा. दांडा ही तुझी पट्टी. साखळी असो, मुका खांब असो की खांब, प्रत्येक वेढा दांड्यावरून जाऊ दे. मापाची काळजी दांड्यावर सोपवलीस की तुलाही कोळ्यांसारखं रस्त्याकडे बघता येईल. विणण्यातली खरी मजा तिथून सुरू होते.

दुसरी गोष्ट फाटलेल्याची. आपण फाटलं की लगेच सुई घेऊन कडा जवळ ओढतो. कोळी आधी कात्री घेतो. फाटक्या भोवतालचे लोंबते धागे कापून भोक मोठं करतो, पण बेताने: सुरुवातीची एक गाठ तीन पायांवर, म्हणजे तीन धाग्यांवर, उभी राहील आणि शेवटची एक गाठ तीन पायांवर, मधल्या सगळ्या दोन-दोन पायांवर, असं. मग तीन पायांच्या गाठीवरून सुरू करायचं, आडवं जात जात खाली उतरायचं, आणि शेवट बरोबर दुसऱ्या तीन पायांच्या गाठीवर होतो. एकही आस जास्त नाही, एकही कमी नाही. क्रोशाचा रुमाल फाटला, स्वेटरचं कोपर विरलं, तरी रीत हीच. कुजलेला, विरलेला भाग आधी धीटपणे काढून टाक, शाबूत टाका कुठे आहे ते शोध आणि तिथून सुरू कर. विरलेल्या कापडाला टाका धरत नाही, चार दिवसांनी तो टाका आणखी थोडं कापड घेऊन निघतो. रफूलाही हेच: भोकाच्या चारी बाजूंना बोटभर चांगल्या कापडातून धावदोरा घालत यायचं, मग भोकावर उभे धागे आणि त्यातून आडवे.

आणि गाठीचं असं की नायलॉन गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ सरकते, म्हणून त्याला एक वेढा जास्त देतात. आपल्या रेशमाला आणि रेयॉनला तीच खोड आहे. सुताला नाही.

दर्यावर्दी आणि विणकाम यांचं नातं जगभर आहे. इंग्लंड-आयर्लंडकडचे मच्छीमार घट्ट विणीचे लोकरी स्वेटर घालत. जॉन सिंग या आयरिश नाटककाराच्या १९०४ सालच्या ‘रायडर्स टू द सी’मध्ये बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती तिनेच विणलेल्या मोज्यातल्या टाक्यांवरून, किती घातले होते आणि किती सुटले होते ते तिला आठवत असतं. पुढे लोकांनी त्यावरून, गावागावाची वीण वेगळी असे आणि प्रेतं त्यावरून ओळखत, अशी कहाणी रचली. ती बरीचशी रचलेलीच आहे. मला त्या नाटकातली बहीण पटते. आपल्या हाताचा टाका आपल्याला ओळखू येतोच. आपल्या कोळ्यांना तसल्या स्वेटरांचं काम पडलं नाही. पहाटेच्या वाऱ्यात कानटोपी पुरते. ती मात्र लोकरीची असू दे, ओली झाली तरी ऊब सोडत नाही. सूत तिथे उपयोगाचं नाही, हेही सांगून ठेवते.

बाळाचं काही करणार असशील तर नीट ऐक. मोज्यांना आणि हातमोज्यांना जाळीची वीण घालायची नाही. बाळाचं बोट भोकात अडकतं आणि ते का रडतंय ते कोणाला कळत नाही. आतल्या बाजूला लांब धागे सोडायचे नाहीत, त्याच कारणाने. टोपड्याला गोंडा, मणी, बटण काही नको, ते तोंडात जातं. नव्या बाळाचं डोकं ३३ ते ३५ सेंटिमीटर भरतं. टोपडं त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी घेर धरून विण, ताणून बसतं. इथल्या हवेत लोकरीने घामोळं येतं, म्हणून टोपडंही सुताचं. आणि बाळाला खरं सुख द्यायचं तर विणू नकोस, जुन्या लुगड्याचं दुपटं शीव. वर्षानुवर्षं धुतलेल्या नऊवारीसारखं मऊ कापड दुकानात मिळत नाही.

दुपट्यावरून गोधडी आली, तर तिचं थोडक्यात. कापड आधी धुऊन घे म्हणजे पुढे आकसून सुरकुत्या पडणार नाहीत. सगळे थर पसरून मधून कडेकडे कच्चा दोरा घाल, कडेकडून मधे नको. आत कापूस भरू नकोस. घाटावर भरतात ते ठीक. आपल्या पावसाळ्यात भिजलेला कापूस आठवडाभर वाळत नाही आणि मग वास सुटतो. दोन लुगड्यांच्या घड्या पुरेत. दोरा हातापासून कोपरापर्यंत, त्याहून लांब घ्यायचा नाही. आळशाचा दोरा लांब, असं सासूबाई म्हणायच्या. लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन पिंजतो आणि गुंततो. दोऱ्यावर एकदा मेण फिरवलंस तर दमट हवेतही तो ताठ राहतो. सुईत ओवताना टोक तिरकं काप आणि दोरा सुईकडे नेण्याऐवजी सुई दोऱ्याकडे आण. माझ्या वयाला हे फार उपयोगी पडतं, तुलाही पडेल.

क्रोशाचा गोल रुमाल करताना तो एकतर वाटीसारखा वर वळतो नाहीतर झालरीसारखा फुगतो, आणि मग बायका इस्त्रीला बोल लावतात. इस्त्रीचा काही संबंध नाही, हिशेब चुकलेला असतो. खांबांचा गोल असेल तर पहिल्या फेरीत १२ खांब, आणि पुढच्या प्रत्येक फेरीत १२ वाढवायचे: दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. मुक्या खांबांचा असेल तर ६ ने सुरुवात आणि दर फेरीला ६ ची वाढ. वाटी झाली तर वाढ कमी पडली, झालर झाली तर जास्त झाली. हात घट्ट-सैल असेल तर एखाद-दुसरा इकडे तिकडे होईल. एवढं डोक्यात असलं की कुठलाही गोल नमुना न बघता करता येतो, तेव्हाच तो करायला गंमत येते. नुसतं दुसऱ्याचं बघून मोजत बसणं म्हणजे शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासासारखं, वहीत नमुना चिकटवला की संपलं.

खाऱ्या हवेशी आपलं कायमचं वैर. पोलादी सुया आठवडाभर उघड्या राहिल्या की गंजतात आणि गंजाचा डाग सुतावरून जात नाही. सुया टोचून ठेवायच्या उशीत कापूस भरू नकोस, तो ओल धरतो. जुन्या बायका विंचरून निघालेले केस भरायच्या. केसांना तेल असतं, सुई गंजत नाही. तुला किळस वाटत असेल तर लोकरीचे तुकडे भर. बघ, लोकरीचा आणखी एक उपयोग निघाला. विणायच्या सुया ॲल्युमिनियमच्या किंवा बांबूच्या घे, त्यांना गंजाची भीती नाही. विणलेलं काही ठेवायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस, जुन्या धोतराच्या कापडात बांध, आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचा तुकडा टाक. डांबराच्या गोळ्यांनीही कसर पळते, पण तो वास सहा महिने जात नाही आणि लहान मुलांच्या घरात त्या नकोतच. पाऊस गेल्यावर, आश्विनातल्या उन्हात सगळं एकदा पसर. लोकरीचं काही असेलच तर रिठ्याच्या पाण्यात, गार पाण्यात, न चोळता धू आणि दोरीवर लटकवू नकोस, लांबतं. आणि सुताला शेवटचं पाणी नळाचं दे. आपल्या खाडीकडच्या विहिरी मचूळ, त्या पाण्याने पांढरं सूत पिवळट आणि कडक होतं. दोरा रंग सोडतो का ते बघायला ओला करून पांढऱ्या फडक्यात पिळायचा. मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का होतो म्हणतात. मला काही तसा अनुभव नाही. मीठ आपल्या हवेत काय कमी आहे!

प्रवासात हाताला काम असावं. मांडव्याहून गेटवेची लाँच असो किंवा २०२० साली सुरू झालेली भाऊच्या धक्क्याची रो-रो, तासभर हात रिकामे असतात. बोटीवर क्रोशा ने. त्यात एका वेळी एकच टाका उघडा असतो. धक्का बसून सुई निसटली तरी एकच फेर उसवतो. दोन सुयांवरचे साठ टाके निसटले तर भर समुद्रात उचलत बसशील. दोन सुयांचंच न्यायचं असेल तर टोकांना बुचाचे तुकडे लाव. गुंडा झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात ठेव, नाहीतर तो लोकांच्या पायांखालून फिरून येतो. मोजणीचा नमुना बोटीवर नको. नजर खाली ठेवून मोजलं की पोटात ढवळतं. साधं सुलट-सुलट विणायचं आणि खांदेरी-उंदेरीकडे बघायचं.

न बघता विणता यावं म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते, त्याला आणखी एक कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आपल्याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा झोपल्या, कौलं उडाली, विजेचे खांब वाकले, आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे दिवा नव्हता. संध्याकाळी सातनंतर करायचं काय? ज्यांच्या बोटांना टाका कळत होता त्यांचे हात अंधारात चालले. टाका सुलट पडला की उलट ते बोटाला लागतं: उलट टाक्याला पुढे आडवी गाठ लागते, सुलट टाका सपाट लागतो. डोळे मिटून दहा ओळी विणायचा सराव रोज कर. सुटलेला टाका मात्र उजेडात उचलायचा, क्रोशाच्या सुईने, खालच्या ओळीपासून एकेक पायरी वर आणत. आणि लांब कामात दर वीतभर उंचीवर एका ओळीच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा ओवून ठेव. उसवायची वेळ आली तर उसवण तिथे येऊन थांबते.

तिन्हीसांजेला शिवू नये, सुई हातोहात देऊ नये, अंगावरचं वस्त्र अंगावरच शिवू नये, हे तू ऐकलं असशील. भांडण होतं, दारिद्र्य येतं वगैरे मी मानत नाही. पण तिन्हीसांजेला उजेड कमी, हातोहात दिली की टोचते, अंगावरचं शिवताना कातडीला लागते. कारण वेगळं, नियम पाळण्याजोगा. ग्रहणात सुई धरू नये म्हणतात, ते मात्र साफ सोडून दे.

आता रुखवताबद्दल माझं मत, तुझ्या आईला आवडणार नाही तरी. मुलीने लग्नाआधी वर्षभर खपून क्रोशाचा टेबलक्लॉथ, तोरण, बारा रुमाल, मण्यांची झाकणं करायची, ती एक दिवस मांडवात मांडायची, आलेल्या बायकांनी कोपरा उचलून मागची बाजू बघायची आणि मग सगळं कपाटात. कितीतरी कपाटांत असे रुमाल घडीवर पिवळे पडलेत. इतकी कला कपाटाला? करायचं तर वापरायचं कर. पाण्याच्या भांड्यावरचं जाळीचं झाकण कर, कडेला मणी ओव म्हणजे वाऱ्याने उडत नाही. आपल्या गावात सुकटीच्या दिवसांत माश्या किती असतात ते तुला माहीत आहे. बाजाराची जाळीची पिशवी कर. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर तिला पुन्हा मान आलाय. चार पदरी सुताची, तळ मुक्या खांबांचा घट्ट आणि वर जाळी. नारळ, शहाळी, पांढऱ्या कांद्याची माळ काहीही मावतं. धरायचा पट्टा मात्र आडव्या ओळींत नको, लांबीत विण, नाहीतर ओझ्याने लांबून पिशवी गुडघ्याला लागते.

आपल्या चौलाला पोर्तुगिजांच्या काळात रेशीम विणलं जायचं, परदेशी प्रवाशांनी तसं लिहून ठेवलंय. सतराव्या शतकात मुंबई इंग्रजांकडे गेली आणि इथले विणकर तिकडे जाऊन वसले. माग गेले. हातातली सुई मात्र कोळीवाड्यात आणि आमच्यासारख्यांच्या ओटीवर राहिली. पण आता तीही कमी दिसते, म्हणून तुला एवढं सांगत बसले.

भावालाही बरोबर आण. तुमच्यापैकी ज्याला जाळ्याची दुरुस्ती बघायची असेल त्याने जून-जुलैतच यावं. मी थेरोंड्याला बोलून ठेवते. नारळी पौर्णिमा झाली की जाळी होडीवर चढतात आणि शिकवायला कोणाला सवड नसते.